‘सिद्धार्थ’ दुसऱ्यांदा वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हेर्मान हेसे यांची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी तुम्ही दोन संध्याकाळींत वाचून संपवली. या पुस्तकाने आयुष्याला वळण दिले असे सांगणारी माणसे तुम्हाला अनेकदा भेटली होती, म्हणून तुम्ही ते मोठ्या अपेक्षेने हाती घेतले. पण वाचून झाल्यावर ‘आत्मा, ओम, संसार, नदी हे सगळे आपण लहानपणापासून कीर्तनात आणि आजीच्या तोंडून ऐकत आलो आहोत, मग यात नवीन ते काय?’ असे वाटले. आपले वाचण्यात काही चुकले का, आणि हे पुस्तक पुन्हा वाचायचे तर कसे वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. जर्मन भाषा आणि साहित्य शिकवण्यात माझी २७ वर्षे गेली. वर्गात आणि वर्गाबाहेरच्या वाचनगटांत मिळून ही कादंबरी मी पंधरा-सोळा वेळा तरी इतरांबरोबर वाचली आहे आणि तुमचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी कोणी ना कोणी विचारला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची निराशा मला खोटी वाटत नाही. या पुस्तकातली वाक्ये सुटी करून पाहिली, तर मराठी वाचकाला चकित करील असे त्यांत फारसे काही सापडणार नाही. परंतु ही कादंबरी तर शेवटच्या प्रकरणात नायकाच्याच तोंडून सांगते, की ज्ञान दुसऱ्याला देता येते, शहाणपण देता येत नाही, आणि शब्दांत उतरवलेले शहाणपण ऐकणाऱ्याला नेहमी काहीसे वेडगळच वाटते. असे म्हणणाऱ्या पुस्तकातून जो सुभाषिते वेचायला बसेल, त्याच्या हाती काय लागणार? या पुस्तकातली माणसे काय बोलतात याकडे थोडे दुर्लक्ष करावे, आणि ती काय करतात, कुठे अडतात, कोणाला मागे टाकून जातात आणि मागे टाकलेल्या माणसाची आठवण त्यांना किती वर्षे होत नाही, इकडे लक्ष द्यावे. तसे वाचले की पुस्तक निराळे दिसू लागते. माझे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

पहिली अडचण नावापासून सुरू होते. आपल्याकडे ‘सिद्धार्थ’ म्हटले की गौतम बुद्धच डोळ्यांसमोर येतात. मुंबईत १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयापासून घराघरांतल्या मुलांच्या नावांपर्यंत हे नाव महाराष्ट्रात एका मोठ्या सामाजिक इतिहासाशी बांधलेले आहे. त्यामुळे बरेच वाचक हे बुद्धचरित्र समजून हाती घेतात आणि तिसऱ्या प्रकरणात गोंधळतात, कारण तिथे बुद्ध स्वतंत्रपणे येतात, त्यांचे नाव गोतम असते आणि सिद्धार्थ नावाचा एक तरुण ब्राह्मणपुत्र त्यांच्यासमोर उभा असतो. हेसे यांनी हे जाणूनबुजून केले आहे. एकाच महापुरुषाची दोन नावे त्यांनी दोन माणसांना वाटून दिली आहेत: एक पोहोचलेला, दुसरा अजून वाटेवर असलेला.

जेतवनातल्या त्या भेटीत सिद्धार्थ गोतमांच्या शिकवणीची मनापासून स्तुती करतो. कार्यकारणाची अशी अखंड साखळी आजवर कोणी दाखवली नव्हती, असे तो म्हणतो. पण बोधाच्या क्षणी तुम्हाला स्वतःला जे अनुभवाला आले, ते या शिकवणीत नाही, म्हणून मी संघात न येता पुढे जातो, असेही सांगतो. बहुतेक वाचक इथे सिद्धार्थाला मनोमन शाबासकी देऊन पान उलटतात. नागपूरच्या दीक्षेचा वारसा घरात असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला या पानावर थांबवले. त्याचे म्हणणे असे होते, की ज्यांना शतकानुशतके कोणी जवळ उभे केले नाही, त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मिळालेला धम्म आणि त्याबरोबर मिळालेला संघ ही एकट्याने सोडून पुढे जाण्याची गोष्ट नाही. शिकवण ओलांडून जाण्याची चैन ज्याला पहिल्यापासून सगळे मिळाले आहे अशा ब्राह्मणपुत्रालाच परवडते. मला तो आक्षेप खरा वाटला आणि आजही वाटतो. त्यानंतर मी ते प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा कादंबरीतले गोतम काय उत्तर देतात ते मला प्रथमच नीट ऐकू आले. माझ्या शिकवणीचा हेतू जिज्ञासूंना जगाचा उलगडा करून सांगण्याचा नाही, दुःखातून सुटका हा आहे, असे ते म्हणतात. आणि निरोप देताना या हुशार तरुणाला अतिहुशारीपासून सांभाळून राहायला सांगतात. या संवादात गोतम हरलेले नाहीत. सिद्धार्थाची हुशारी त्याला पुढे किती महागात पडते, हे दुसऱ्या भागात दिसते.

पुस्तकाचा जन्म कुठे झाला, हेही माहीत असलेले बरे, कारण त्यावाचून ‘हे तर आपलेच’ ही भावना हटत नाही. हेसे यांचा जन्म १८७७ सालचा, जर्मनीतल्या काल्व या लहान गावातला. त्यांचे आजोबा हेर्मान गुंडर्ट बासेल मिशनचे पाद्री म्हणून केरळात तलश्शेरीला राहिले होते आणि त्यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेला मल्याळम-इंग्रजी शब्दकोश आजही नावाजला जातो. हेसे यांची आई मलबारातच जन्मली आणि वडीलही काही वर्षे भारतात होते. याच बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि कोकणात व गोव्यात ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो, त्यांची सुरुवात तिथली. आमच्या आजोळच्या घरावर ती कौले होती, त्यामुळे हा दुवा कळला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

स्वतः हेसे १९११ साली पूर्वेकडे निघाले, सिलोन, सिंगापूर आणि सुमात्रा येथे गेले, परंतु भारताच्या मुख्य भूमीवर त्यांचे पाऊल पडले नाही. तेव्हा ‘सिद्धार्थ’मधला भारत हा आजोबांच्या घरातल्या वस्तू, आईच्या आठवणी आणि जर्मन भाषांतरांतून वाचलेली उपनिषदे व बौद्ध ग्रंथ यांतून उभा राहिलेला आहे. याची खूण पाहायची असेल, तर सिद्धार्थ नदीत जीव द्यायला वाकतो ते झाड पाहा: ते माडाचे झाड आहे. कथा श्रावस्तीच्या, म्हणजे उत्तरेतल्या सपाट मैदानाच्या परिसरात घडते. तिथे नदीकाठी माड कुठून येणार? माझा तर्क असा आहे, की तो माड मलबारातून आईच्या गोष्टींबरोबर आला असावा, किंवा सिलोनच्या किनाऱ्यावरून. याला चूक म्हणून सोडून देऊ नका. हा देश नकाशावरचा नाही, एका युरोपीय माणसाच्या मनातला आहे. आणि त्या माणसाला तिथे स्वतःचे घरगुती दुःख मांडायचे आहे.

आता शब्दांकडे येते. जर्मन वाचकाला ‘समन’ (म्हणजे श्रमण, अरण्यात राहणारे तपस्वी), ‘ओम’, ‘संसार’ हे शब्द दूरचे वाटतात. त्यांच्यापाशी तो अडखळतो, थांबतो आणि थांबल्यामुळे विचार करतो. आपण थांबत नाही. ओळखीच्या गल्लीतून जावे तसे आपण या शब्दांवरून भरभर जातो, आणि तुमची दोन संध्याकाळींची गती मुख्यतः यामुळे आली असावी. पण आपल्या ओळखीचा आपल्याला एक फायदाही आहे. सातव्या प्रकरणाचे नाव ‘संसार’ आहे. हेसे यांना तिथे जन्ममरणाचे, भोगाचे चक्र अभिप्रेत आहे: सिद्धार्थ श्रीमंत होतो, मद्य पितो, फाशांच्या जुगारात हजारांनी पैसे उधळतो आणि एका रात्री स्वप्नात कमला या त्याच्या प्रिय गणिकेच्या सोन्याच्या पिंजऱ्यातला पक्षी मेलेला पाहून सगळे सोडून निघून जातो. मराठीत मात्र ‘संसार’ म्हणजे काय? भांडीकुंडी, घरभाडे, मुलांची आजारपणे, सासरमाहेर, एकमेकांची उणीदुणी सांभाळत काढलेली वर्षे. आपण संसार थाटतो, संसाराला लागतो, संसार मोडतो. या अर्थाने पाहिले, तर सातव्या प्रकरणात सिद्धार्थाने संसार केलेलाच नाही. त्याच्याकडे घर आहे, बाग आहे, नोकर आहेत. परंतु ज्याच्यासाठी रात्री जागावे लागेल असे माणूस त्याच्या घरात नाही. कमलेच्या घरी तो पाहुणा आहे. मराठी अर्थाचा संसार त्याच्या वाट्याला दहाव्या प्रकरणात येतो, नदीकाठच्या झोपडीत, उतारवयात, आणि तो त्याला झेपत नाही.

समर्थांनी आधी प्रपंच नेटका करायला सांगितला आणि परमार्थ त्यानंतर ठेवला. सिद्धार्थाचे सगळे उलट घडते: आधी वैराग्य, मग पैसा आणि प्रेम, मग नदीची शांतता, आणि सर्वांत शेवटी लेकरू. हा उलटा क्रम लक्षात आला, तेव्हा हे पुस्तक मला ‘आपलेच’ वाटेनासे झाले. आपल्या परंपरेत ज्या टप्प्यावर कथा संपायला हवी, त्या टप्प्यावर इथे खरी परीक्षा सुरू होते.

दुसऱ्या नावाबद्दल एक ओझरती गोष्ट. सिद्धार्थाला ऐकायला शिकवणारा नावाडी वासुदेव आहे. आपल्याला या नावाने पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत दारी येणारा वासुदेव आठवतो. हेसे यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आपला वासुदेव गाऊन जागे करतो आणि हा वासुदेव न बोलता, ही तुलना माझ्या वाचनगटातल्या एका आजींनी केली होती आणि ती मला विसरता येत नाही.

पुन्हा वाचताना गती कुठे कमी करावी, याचे माझे उत्तर लेखकाच्या अडचणीवरून ठरलेले आहे. हेसे यांनी १९१९ च्या शेवटाला हे लेखन सुरू केले, पहिला भाग झपाट्याने झाला, दुसऱ्या भागात मात्र लेखणी थांबली आणि सुमारे दीड वर्ष थांबूनच राहिली. शोध घेणारा, देहाला कष्टवणारा, असमाधानी तरुण त्यांना लिहिता येत होता, कारण तो ते स्वतः होते. शोध पूर्ण झालेला माणूस लिहायला घेतला, की पुढे जाता येईना. मधल्या काळात १९२१ साली ते कार्ल युंग यांच्याकडे मानसोपचारासाठी गेले. पुस्तक अखेर १९२२ साली बर्लिनच्या एस. फिशर या प्रकाशनाने काढले. पहिला भाग फ्रेंच लेखक रोमँ रोलाँ यांना आणि दुसरा जपानात राहणाऱ्या विल्हेल्म गुंडर्ट या मामेभावाला अर्पण केलेला आहे. ज्या भागात लेखक स्वतः दीड वर्ष अडून राहिला, तो भाग वाचकाने एका बैठकीत संपवला तर त्याला तिथे सगळे सोपे वाटणारच. म्हणून पहिली चार प्रकरणे हवी तर एका संध्याकाळी वाचा. पुढची आठ प्रकरणे दिवसाला एकापेक्षा जास्त वाचू नका.

या भागात ‘व्यापार’ कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. कामस्वामी नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याकडे सिद्धार्थ काम करतो. एकदा तो भाताचे पीक विकत घ्यायला एका गावी जातो. पोहोचेपर्यंत भात दुसऱ्या व्यापाऱ्याला विकला गेलेला असतो. तरी तो तिथे काही दिवस राहतो, शेतकऱ्यांना खाऊपिऊ घालतो, मुलांच्या हातावर तांब्याची नाणी ठेवतो, एक लग्न जेवतो आणि खुशीत परत येतो. कामस्वामी चिडतो, तेव्हा सिद्धार्थ त्याला शांतपणे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. तरुण विद्यार्थ्यांना हा प्रसंग फार आवडतो. मी त्यांना एवढेच विचारते, की त्या गावातल्या एका तरी माणसाचे नाव सिद्धार्थाला कळले का? सामान्य माणसांना तो ‘बाळमाणसे’ समजतो. त्यांचा लोभ, राग, मुलांवरचे वेडे प्रेम हे तो खेळ पाहावा तसे काठावर उभा राहून पाहतो. त्याचा आनंद खरा असला, तरी तो पाहुण्याचा आनंद आहे, ज्याचे भात हातचे गेले त्या व्यापाऱ्याचाही नाही आणि पिकवणाऱ्याचाही नाही.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येते, आणि इथे मला दोन प्रसंग शेजारी ठेवायचे आहेत.

पहिला प्रसंग पहिल्याच प्रकरणातला आहे. सिद्धार्थ वडिलांना सांगतो, की मला श्रमणांबरोबर अरण्यात जायचे आहे. वडील म्हणतात, ब्राह्मणाने रागाने बोलू नये, पण ही मागणी मला तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायची नाही. मुलगा उत्तर देत नाही. हाताची घडी घालून जागच्या जागी उभा राहतो. वडील झोपायला जातात, झोप येत नाही, तासाभराने उठून बाहेर येतात आणि खिडकीतून आत पाहतात: मुलगा तसाच उभा. पुन्हा तासाभराने, पुन्हा तासाभराने, चंद्र वर आलेला असताना, मग काळोखात, ते येऊन पाहत राहतात. पहाटे ते आत जातात तेव्हा मुलगा त्यांना उंच आणि परका वाटतो. तू दमशील, असे ते म्हणतात. दमेन, असे तो म्हणतो. तू मरशील. मरेन. मग वडिलांना दिसते, की त्याचे गुडघे किंचित थरथरत आहेत, चेहऱ्यावर मात्र थरथर नाही, आणि त्यांना उमगते की हा मुलगा या घरातून आधीच निघून गेला आहे. ते परवानगी देतात आणि म्हणतात, अरण्यात तुला आनंद सापडला, तर परत येऊन मलाही शिकव.

सिद्धार्थ परत कधीच येत नाही. पुढची कित्येक प्रकरणे तो वडिलांना जवळजवळ विसरून जातो. चौथ्या प्रकरणात ‘आता घरी जावे का’ असा विचार क्षणभर येतो आणि ते घर आपले राहिले नाही म्हणून तो पुढे चालू लागतो. वाचकही विसरतो. तुम्ही विसरला होता की नाही, हे आठवून पाहा.

दुसरा प्रसंग दहाव्या प्रकरणातला. साप चावून कमला मेलेली आहे आणि तिच्यापासून झालेला अकरा वर्षांचा मुलगा सिद्धार्थाच्या झोपडीत आला आहे. मऊ अंथरुणाची आणि गोडाधोडाची सवय झालेला, आईसाठी झुरणारा, दोन म्हाताऱ्या नावाड्यांचा कंटाळा आलेला पोरगा. सिद्धार्थ त्याला मारत नाही, रागावत नाही, सगळे सहन करतो. वासुदेव त्याला फार नेमके विचारतो: तुझ्या या चांगुलपणानेच तू त्याला बांधून ठेवत नाहीस का? शेवटी मुलगा एके रात्री उतारूंच्या भाड्याच्या पैशांची टोपली घेऊन, होडी पलीकडच्या काठाला लावून पळून जातो. दोघे म्हातारे बांबूंचा तराफा करून पलीकडे जातात. होडी मिळते, वल्हे नसते. वासुदेव हसून होडीतल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो. मुलाला काय सांगायचे आहे ते दिसत नाही का, माझा पाठलाग करू नका असे तो म्हणतो आहे, असा त्या हसण्याचा अर्थ आहे. पण हे तो शब्दांत म्हणत नाही. तो नवे वल्हे तासायला बसतो.

संपूर्ण कादंबरीत मला हे दृश्य सर्वांत जवळचे आहे. आमच्या एका गटात रत्नागिरीकडचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांचे वडील खाडीवर होडी चालवत. ते म्हणाले, “वल्हे गेले की नावाड्याचा हात गेला. पैसे नेले त्याचे एवढे काही नाही.” मुलाने पैसे गरजेपोटी नेले आणि वल्हे निरोप म्हणून नेले, हा फरक मी इतकी वर्षे शिकवूनही इतक्या स्वच्छपणे कधी सांगितला नव्हता.

सिद्धार्थाला तो निरोप तेव्हा वाचता येत नाही. तो शहरापर्यंत धावतो, कमलेच्या जुन्या बागेच्या दाराशी धुळीत बसून राहतो, वासुदेव त्याला घेऊन येतो, आणि जखम तरीही भरत नाही. उतारूंना पलीकडे नेताना लेकरे घेऊन आलेली माणसे दिसली की त्याला हेवा वाटतो: हजारो लोकांना हे सुख मिळते, चोरदरोडेखोरांनाही मुले असतात, मग मलाच का नाही? ज्यांना तो इतकी वर्षे बाळमाणसे म्हणत होता, त्यांच्यापैकी तो आता एक झालेला असतो. मग एके दिवशी तो पुन्हा मुलाला शोधायला निघतो. कोरड्या ऋतूचे दिवस आहेत, नदी संथ आहे आणि ती चक्क हसते आहे. तो वाकून पाण्यात पाहतो आणि स्वतःच्या चेहऱ्यात त्याला वडिलांचा चेहरा दिसतो. त्यांनीही हेच सोसले असेल, आणि मुलाला पुन्हा न पाहता एकटेच गेले असतील, हे त्याला तेव्हा, म्हातारपणी, सुचते. अकराव्या प्रकरणात सुचते! पहिल्या प्रकरणातली खिडकी लेखकाने इतका वेळ उघडी ठेवली होती.

हे लिहिणारा माणूस कोण होता, ते आता सांगते. हेसे चौदा वर्षांचे असताना, मार्च १८९२ मध्ये, माउलब्रोनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून पळून गेले होते आणि त्यांच्या आईवडिलांनी पुढची काही वर्षे अतोनात काळजीत काढली. १९१६ साली वडील वारले. पत्नीचे मानसिक आजारपण वाढले, संसार मोडला, तीन मुलगे इतरांच्या घरी आणि वसतिगृहांत ठेवावे लागले आणि १९१९ साली हेसे एकटेच स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला मोंतान्योला या गावी राहायला गेले. तिथे, त्याच वर्षी, त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. लेखकाच्या चरित्रातून कलाकृतीचा अर्थ काढू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते आणि ते मला मान्यही आहे. तरीसुद्धा पळून गेलेला मुलगा आणि मुलांपासून दूर झालेला बाप हे दोन्ही एकाच माणसात होते हे कळल्यावर, खिडकी आणि वल्हे ही दृश्ये मला पुन्हा पूर्वीसारखी वाचता आली नाहीत.

या कादंबरीत उणे काही नाही, असे मी म्हणणार नाही. कमला हे पात्र माझ्या मते नीट न्याय न मिळालेले पात्र आहे. ती बुद्धिमान आहे, सिद्धार्थाला तिच्याइतके कोणी ओळखत नाही, आपली बाग ती भिक्षूंना देऊन टाकते आणि मृत्युशय्येवरच्या गोतमांना भेटायला निघते. म्हणजे तिचाही एक शोध आहे. परंतु तो शोध आपल्याला दोन-चार परिच्छेदांत कळतो आणि ती नायकाच्या पदरात मूल टाकून मरते. वाचनगटांतल्या स्त्रिया यावर चिडतात आणि त्यांचे चिडणे योग्य आहे. सिद्धार्थाची आई तर पुस्तकात जेमतेम दिसते. बापाने खिडकीतून पाहिले. आईने त्या रात्री काय केले, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही.

शेवटच्या प्रकरणात लेखकाने दृष्टिकोन बदलला आहे आणि तो घाईत निसटतो. आतापर्यंत आपण बहुतांशी सिद्धार्थाच्या मनातून जग पाहत होतो. बाराव्या प्रकरणात आपण गोविंदाच्या डोळ्यांनी सिद्धार्थाला पाहतो. गोविंद बालमित्र, आयुष्यभर भिक्षू राहिलेला, म्हातारा झाला तरी शोध न संपलेला. सिद्धार्थ त्याला एक दगड हातात घेऊन दाखवतो आणि बरेच बोलतो. गोविंदाला ते बोलणे पटत नाही, विचित्रच वाटते. मग तो मित्राच्या कपाळाला ओठ लावतो आणि त्याला त्या चेहऱ्यात असंख्य चेहरे वाहताना दिसतात. जे बोलून पोहोचले नाही, ते स्पर्शाने पोहोचले. ‘शोध पूर्ण झालेला माणूस’ आतून लिहिता येत नव्हता, म्हणून हेसे यांनी तो बाहेरून, न पोहोचलेल्या मित्राच्या नजरेने लिहिला. दीड वर्षाच्या अडचणीतून काढलेली ही वाट मला कारागिरीच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. आणि मनाने मी तरी गोविंदाजवळच बसते.

काही व्यावहारिक सूचना. बहुतेकांच्या हाती हिल्डा रॉस्नर यांचे १९५१ सालचे इंग्रजी भाषांतर असते. ते चांगले आहे. कोणत्याही भाषेत वाचा, पण रोज निदान एक पान मोठ्याने वाचा, कारण मूळ जर्मन गद्य स्तोत्रासारखे आहे: साधी वाक्ये, तेच शब्द पुन्हा पुन्हा, बहुधा तीनदा. मनात वाचताना ही पुनरुक्ती कंटाळवाणी होते, मोठ्याने वाचताना तिचा ठेका लागतो. हाती पेन्सिल असेल, तर सुंदर वाक्यांखाली रेघा मारू नका. सिद्धार्थ जिथे कोणाला सोडून जातो, तिथे समासात एक खूण करा. घर, श्रमण, गोविंद, गोतम, कमला... खुणा मोजल्या, की वल्ह्यापाशी तुम्ही वेगळ्या तयारीने पोहोचाल. १९७२ चा चित्रपट, ज्यात शशी कपूर आणि सिमी गरेवाल आहेत, तो पाहायचा असेल तर नंतर पाहा. नदी फार देखणी टिपली आहे, आणि ती एकदा डोळ्यांत बसली की पुस्तकातली नदी ऐकू येत नाही.

आणि शेवटचे प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटण्याआधी पहिल्या प्रकरणातली ती रात्र पुन्हा एकदा वाचा. पहिल्या वाचनात आपण सगळेच हाताची घडी घातलेल्या मुलाबरोबर खोलीत उभे असतो. दुसऱ्या वेळी तुम्ही खोलीत होता की खिडकीबाहेर, हे मला जमले तर कळवा.